पोटातून की कमरेतून? अण्णांच्या किडनीच्या ऑपरेशनाबद्दल

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी नाशिकच्या सिडकोत राहते, माहेर निफाड तालुक्यातलं. वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, ६२ वर्षं पूर्ण झाली. गॅसेसचा त्रास म्हणून सोनोग्राफी केली तर डाव्या किडनीवर गाठ निघाली. सीटी स्कॅनमध्ये ९.४ सेंटिमीटरची गाठ, किडनीच्या वरच्या टोकाला आणि पुढच्या अंगाला, असं लिहिलंय. शिरेत काही शिरलेलं नाही, छाती स्वच्छ, दुसरी किडनी चांगली, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.१. किडनी काढावी लागेल यावर सगळ्यांचं एकमत आहे. घोळ आहे तो पुढे. नाशिकमधले एक सर्जन म्हणतात, दुर्बिणीने पोटातून काढू. दुसरे म्हणतात, दुर्बिणीनेच, पण मागून, कमरेतून. कारण अण्णांचं तरुणपणी अल्सर फुटल्याचं ऑपरेशन झालंय, पोटावर बेंबीच्या वर उभा व्रण आहे, त्यामुळे पोटात शिरायलाच नको. ठाण्याचा मामेभाऊ म्हणतो, रोबोटशिवाय करूच नका. काका म्हणतात, एवढी मोठी गाठ भोकातून कशी निघेल, सरळ उघडून करा. आणि अण्णांचं म्हणणं, द्राक्षबागेची छाटणी तोंडावर आहे, माल निघाला की मार्चमध्ये बघू. त्यांना आम्ही फक्त 'गाठ आहे' एवढंच सांगितलंय. कोणाचं ऐकावं?

– एक लेक, सिडको

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात पाच जणांची पाच मतं आहेत. त्यातली दोन, म्हणजे दोघा सर्जनांची, वरवर एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण तशी ती नाहीत. दोघंही दुर्बिणीनेच करू म्हणतात, दोघंही पूर्ण किडनी काढू म्हणतात. वाद फक्त आत शिरायच्या वाटेचा आहे. बाकी तिघांपैकी अण्णांचं मत सगळ्यात धोक्याचं आहे, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करते.

मार्चपर्यंत थांबायचं नाही. सीटीवर घट्ट दिसणारी आणि स्कॅनच्या वेळी शिरेतून औषध सोडल्यावर उजळणारी एवढी मोठी गाठ बहुतेक वेळा कॅन्सरचीच असते. सात ते दहा सेंटिमीटरची आणि किडनीपुरतीच राहिलेली गाठ म्हणजे टी-२-ए. ही अवस्था बरी होण्याजोगी आहे. दोन-चार आठवडे तपासण्यांत, दुसरं मत घेण्यात, रक्तदाब ताळ्यावर आणण्यात गेले तर फार बिघडत नाही. पाच-सहा महिन्यांची गोष्ट वेगळी. या कॅन्सरला शिरेत उतरायची खोड आहे. किडनीच्या शिरेतून तो पोटातल्या मुख्य महाशिरेत वर चढू शकतो. तसं झालं की अवस्था बदलते, ऑपरेशन बदलतं, आणि आज तुम्ही ज्या दोन वाटांमध्ये निवड करताय त्या दोन्ही बहुधा बंद होतात. छाटणी मजुरांची टोळी करते, पेस्टिंग (छाटलेल्या काड्यांना औषध लावणं) आणि फवारण्या भाऊ बघेल. अण्णांना बांधावर खुर्ची टाकून बसायचं असेल तर ऑपरेशनानंतर काही आठवड्यांनी खुशाल बसू देत.

आता वाटेचा प्रश्न. मी सर्जन नाही, भूलतज्ज्ञ आहे. टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला उभं राहून मी दोन्ही पद्धती पाहिल्या आहेत आणि कुठल्याच वाटेत माझा स्वार्थ नाही, एवढंच माझं भांडवल.

किडनी पोटात असते असं आपण म्हणतो, पण आतडी ज्या पिशवीसारख्या अस्तरात असतात त्या अस्तराच्या मागे, पाठीच्या स्नायूंना टेकून ती असते. त्यामुळे तिच्याकडे दोन बाजूंनी जाता येतं. पोटाच्या वाटेने जायचं तर रुग्णाला अर्धवट कुशीवर झोपवतात, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, मोठं आतडं त्याच्या मागच्या चिकट पदरापासून सोडवून बाजूला सारतात आणि मग किडनी समोर येते. डाव्या बाजूला वरच्या टोकाशी पाणथरी आणि स्वादुपिंडाचं शेपूट असतं, तेही अलगद सोडवून आतल्या अंगाला कलंडवावं लागतं. कमरेच्या वाटेने जायचं तर रुग्ण पूर्ण कुशीवर. बरगडी आणि कमरेच्या हाडामधली जागा ताणली जावी म्हणून टेबल मधोमध वाकवतात. शेवटच्या बरगडीच्या टोकाखाली छोटा छेद घेऊन बोटाने आणि फुग्याने अस्तरामागे जागा तयार करतात आणि तिथे वायू भरतात. आतड्यांना हातच लागत नाही.

हा फुगा आपल्या मुंबईचा आहे, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. दुर्बिणीने किडनी काढण्याचं पहिलं ऑपरेशन १९९० साली अमेरिकेत सेंट लुईसला डॉ. राल्फ क्लेमन यांनी केलं, पोटाच्या वाटेने. अस्तरामागची वाट तेव्हा अडलेली होती, कारण तिथे आयती पोकळी नसते आणि नुसता वायू सोडून जागा नीट होत नसे. १९९२ साली मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधल्या डॉ. दुर्गा गौर यांनी ऑपरेशनचा साधा हातमोजा रबरी नळीला बांधला, तो आत सरकवून फुगवला आणि जागा करून दाखवली. जगभरात आज याच तत्त्वावरचे तयार फुगे मिळतात.

मोठ्या गाठीत दोन्ही वाटांचं पारडं वरखाली होतं, आणि तुमचे दोन सर्जन वेगळं बोलतात ते इथेच.

मागच्या वाटेचा मोठा फायदा रक्तवाहिनीचा. दोन्ही किडन्यांना मिळून हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा जातो. मोठ्या गाठीच्या अंगावर फुगलेल्या शिरांचं जाळं असतं, नुसता धक्का लागला तरी पाझरतात. म्हणून किडनीत रक्त आणणारी धमनी जितक्या लवकर बंद होईल तितकं पुढचं काम कोरडं होतं. पोटाकडून पाहिलं तर शीर पुढे आणि धमनी तिच्या मागे लपलेली. डाव्या बाजूला त्या शिरेला आणखी तीन बाजूंनी छोट्या शिरा येऊन मिळतात. कमरेकडून पाहिलं तर धमनी आधी हाती लागते. हे नुसतं सर्जनांचं म्हणणं नाही. अमेरिकेत क्लीव्हलँडला १०२ रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटून दोन्ही वाटांची तुलना केली होती, ती २००५ साली छापून आली. मागच्या वाटेने धमनी सरासरी ३४ मिनिटांत ताब्यात आली, पोटाच्या वाटेने ९१ मिनिटं लागली. पूर्ण ऑपरेशन १५० मिनिटांत, विरुद्ध २०७. मात्र रक्तस्राव, दुखण्याच्या औषधांची गरज आणि हॉस्पिटलातले दिवस यात फरक पडला नाही. म्हणजे वाचलेल्या तासाभराचा रुग्णाला जाणवेल असा लाभ झाला नाही. भूलतज्ज्ञ म्हणून मला तो तास आवडतो, ते सोडा.

पण त्या अभ्यासातल्या गाठी सरासरी पाच सेंटिमीटरच्या आसपासच्या होत्या. अण्णांची जवळजवळ दुप्पट आहे. अस्तरामागची जागा मुळातच तोकडी. तिच्यात एवढी गाठ असली की सर्जनची अवस्था बुटक्या मांडवाखाली वाकून छाटणी करणाऱ्यासारखी होते, हात असतो पण फिरवायला जागा नसते. गाठीच्या वजनाने खुणा सरकतात, आणि मागच्या वाटेवर खुणा आधीच कमी. पाठीचा लांबट स्नायू आणि त्यावर धडधडणारी महाधमनी, एवढ्याच भरवशाच्या. काम करताना अस्तराला भोक पडलं तर वायू पोटात शिरतो आणि समोरची जागा आणखी मिटते. त्यातून गाठ वरच्या टोकाला आणि पुढच्या अंगाला आहे, म्हणजे मागून गेलेल्याला ती किडनीच्या पलीकडे, नजरेच्या शेवटच्या टोकाला. पोटाच्या वाटेने जागा भरपूर मिळते, पाणथरी आणि स्वादुपिंड डोळ्यांसमोर असतात, आणि गाठीला हात न लावता तिच्याभोवतीच्या चरबीच्या आवरणासकट सगळं एकगठ्ठा सोडवता येतं. कॅन्सरच्या ऑपरेशनात हे आवरण न फाटणं सगळ्यात महत्त्वाचं.

मोठ्या गाठींसाठी दोन वाटांची तुलना करणारे बरेचसे अभ्यास जुन्या नोंदी चाळून केलेले आहेत. त्यात कोणत्या रुग्णाला कोणती वाट द्यायची हे सर्जननेच आधी ठरवलेलं असतं, सोयीच्या गाठी सोयीच्या वाटेला जातात. म्हणून 'अमुक पद्धत श्रेष्ठ' असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मी भुवई उंचावते.

जुन्या व्रणाचं काय? दुसऱ्या डॉक्टरांचा मुद्दा खरा आहे. पोट एकदा उघडलं की आतडी, चरबीची झालर आणि पोटाची भिंत एकमेकांना चिकटतात, आणि ती सोडवताना आतड्याला इजा व्हायची भीती असते. पण कुठे चिकटलंय हेही बघायला हवं. फुटलेला अल्सर बहुतेकदा जठराच्या पुढच्या, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात असतो. ती जागा मधोमध आणि उजवीकडे. तिथे चरबीचा तुकडा टाके घालून बसवतात, म्हणून चिकटण्याचा जोरही तिथेच. अण्णांची गाठ डावीकडे. पहिलं छिद्र व्रणापासून दूर, डाव्या कुशीकडे घेतलं तर पुष्कळदा मोकळी जागा मिळते. हेच ऑपरेशन उजव्या किडनीचं असतं, किंवा पोटात पू पसरून दोन-तीनदा उघडावं लागलं असतं, किंवा हर्नियाची मोठी जाळी बसवलेली असती, तर मी दुसऱ्या डॉक्टरांच्या बाजूने बोलले असते. त्या वेळचं डिस्चार्ज कार्ड गावच्या घरी, ट्रंकेत वगैरे असेल तर शोधा. अल्सर जठरावर होता की पुढे, एवढ्या एका ओळीने सर्जनचं बरंच काम हलकं होईल.

आणि 'पोटात शिरायलाच नको' हे मागच्या वाटेतही नेहमी शेवटपर्यंत पाळता येत नाही. सुटी झालेली किडनी बाहेर काढण्याआधी आतच एका प्लास्टिकच्या पिशवीत भरतात, म्हणजे कॅन्सरच्या पेशी वाटेत सांडत नाहीत. एवढी मोठी गाठ त्या तोकड्या जागेत पिशवीत सरकवणं जमलं नाही तर काही सर्जन त्या वेळी मुद्दाम अस्तर उघडतात आणि पोटाच्या मोकळ्या जागेत पिशवी भरतात. त्यात चूक काही नाही. फक्त तुम्हाला आधी माहीत असावं.

तुमच्या काकांना भोकाचं कोडं पडलंय, ते योग्यच आहे. भोकातून निघत नाहीच. छिद्रं असतात काम करण्यासाठी, तीन-चार, अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरची. शेवटी पिशवी बाहेर काढायला वेगळा छेद लागतो, आणि अण्णांच्या बाबतीत तो आठ-दहा सेंटिमीटरचा असू शकतो. पिशवीतच तुकडे करून लहान छेदातून काढता येतं, पण कॅन्सरमध्ये ते टाळतात. गाठ आवरणाबाहेर गेली होती का, कडा स्वच्छ आहेत का, हे पॅथॉलॉजिस्टला अख्खा नमुना मिळाल्याशिवाय नीट सांगता येत नाही. तेव्हा छेद कुठे घेणार हे दोन्ही सर्जनांना विचारा. ओटीपोटावर आडवा घेतला तर दुखणं कमी आणि हर्नियाची भीतीही कमी. कुशीतलंच छिद्र वाढवून स्नायू कापले तर श्वास घेताना जास्त दुखतं, आणि काहींना पुढे त्या जागी फुगवटा राहतो. दोन वाटांमधला हा फरक घरी आल्यावर सगळ्यात जास्त जाणवतो, आणि सल्ला घेताना नेमका तोच विचारायचा राहून जातो.

उघडून करण्याबद्दल. एके काळी मोठी गाठ दुर्बिणीने करूच नये असं मानत. आता युरोपातल्या यूरॉलॉजिस्टांच्या मार्गदर्शक सूचनाही सात सेंटिमीटरच्या वरच्या, किडनीपुरत्या असलेल्या गाठीला दुर्बिणीचीच शिफारस करतात. कॅन्सर बरा होण्यात उघड्या ऑपरेशनाच्या तोडीचे निकाल, रक्त कमी जातं, घरी लवकर जाता येतं. पण महाशिरेत गुठळी असेल, गाठ शेजारच्या अवयवाला चिकटली असेल, तर उघडूनच. आणि दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच उघडावं लागलं तर नातेवाईक बाहेर 'ऑपरेशन फसलं' म्हणून रडारड करतात, ते कृपा करून करू नका. रक्तस्राव आवरत नसताना हट्टाने दुर्बिणीला चिकटून बसणारा सर्जन मला जास्त घाबरवतो. संमतीपत्रावर 'गरज पडल्यास उघडून' असं लिहिलेलं असतं, ते सही करायच्या आधी अण्णांना वाचून दाखवा.

ठाण्याच्या मामेभावाला रोबोटबद्दल सांगा. रोबोटचा खरा उपयोग आत बारीक टाके घालायचे असतात तिथे, उदाहरणार्थ लहान गाठ काढून किडनी वाचवायची असते तेव्हा. पूर्ण किडनी काढताना टाक्यांचं काम जवळपास नसतंच. अमेरिकेतल्या ४१६ हॉस्पिटलांमधल्या २००३ ते २०१५ या काळातल्या सुमारे २४ हजार रुग्णांच्या नोंदी तपासून २०१७ साली एक अभ्यास छापला गेला. पूर्ण किडनी काढताना रोबोट आणि साधी दुर्बीण यांत मोठ्या गुंतागुंतींचं प्रमाण सारखंच निघालं. चार तासांच्या वर चाललेली ऑपरेशनं रोबोटने ४६ टक्के, साध्या दुर्बिणीने २६ टक्के. खर्च रोबोटचा सरासरी २,७०० डॉलरने जास्त. ज्या सर्जनचा हात रोबोटवरच बसलाय त्याने रोबोटने करावं, माझी हरकत नाही. पण त्यासाठी बागेवर कर्ज काढू नका.

आता भूलतज्ज्ञाच्या नजरेतून थोडं, कारण हे कुणी सांगत नाही. कुशीवर झोपवून टेबल वाकवलं की रक्तदाब खाली येऊ शकतो, त्यामुळे अण्णांचं हृदय आणि फुफ्फुसं आधी तपासलेली हवीत. तंबाखू किंवा बिडी असेल तर आजपासून बंद. वायूचा दाब साधारण १२ ते १५ ठेवतात, रक्तदाब मोजतो त्याच मापात. शुद्धीवर आल्यावर बऱ्याच जणांचा खांदा दुखतो आणि घरचे घाबरतात, हार्ट अटॅक आला म्हणून. पोटातल्या वायूमुळे पोट आणि छातीमधला पडदा चुरचुरतो, ते दुखणं खांद्यात उमटतं आणि एक-दोन दिवसांत जातं. तरीही छातीत दाटतंय किंवा दम लागतोय असं अण्णा म्हणाले तर स्वतः ठरवू नका, सिस्टरला बोलवा. कमरेच्या वाटेत दुसरी गंमत होते. वायू कधी कधी त्वचेखाली पसरतो. कुशीवर, छातीवर हात फिरवला की बोटांखाली चुरचुर लागते, चेहराही थोडा सुजल्यासारखा दिसतो. सहसा दोन-तीन दिवसांत आपोआप जिरतो. आणि रक्ताच्या दोन पिशव्यांची सोय आधी करून ठेवा. लागतीलच असं नाही, पण मोठ्या गाठीत त्या हाताशी नसताना मी भूल देत नाही.

मग कोणाकडे जायचं? पत्रात दिलेल्या माहितीवरून, म्हणजे डावी बाजू, वरचं टोक, पुढचं अंग, नऊ सेंटिमीटरच्या वर, माझा कल पोटाच्या वाटेकडे आहे. पण त्याहून जास्त वजन मी दुसऱ्याच गोष्टीला देते. दोघांनाही वेगवेगळं भेटून विचारा: एवढ्या मोठ्या गाठी तुम्ही नेहमी कोणत्या वाटेने काढता? गेल्या वर्षात अशा किती केल्या, त्यातल्या किती उघडाव्या लागल्या? त्या दिवशी सोबत दुसरा अनुभवी सर्जन आहे का? रात्री रक्त गेलं तर परत आत न्यायला टीम हजर असते का? मागच्या वाटेने मोठ्या गाठी नेहमी काढणारा सर्जन, कधीमधी पोटाची वाट धरणाऱ्यापेक्षा अण्णांसाठी चांगला. उलटंही तितकंच खरं. या प्रश्नांवर जो डॉक्टर चिडेल त्याच्याबद्दल तुमचं तुम्ही ठरवा. चांगले सर्जन चिडत नाहीत, उलट स्कॅन पडद्यावर लावून धमनी कुठे आहे ते दाखवतात. नाशिकमध्ये असे सर्जन आहेत. एरवी सरळ असलेल्या केससाठी मुंबई गाठायची गरज नाही, पण मनात शंका राहत असेल किंवा शिरेबद्दल रेडिओलॉजिस्टने 'शक्यता नाकारता येत नाही' असं काही लिहिलं असेल, तर सीटीची सीडी घेऊन पंचवटी एक्स्प्रेसने एकदा परळच्या टाटा हॉस्पिटलला जाऊन या. रिपोर्टचा कागद पुरत नाही, सीडीच लागते.

किडनीचा थोडा भाग ठेवता येईल का, हे एकदा विचारून घ्या. एवढ्या गाठीत बहुधा 'नाही' असंच उत्तर येईल, आणि दुसरी किडनी धड असताना ते स्वीकारायला हरकत नाही. सुईची बायोप्सी अशा गाठीत ऑपरेशनाआधी सहसा लागत नाही, केली नाही म्हणून शंका घेऊ नका. किडनीच्या डोक्यावर बसलेली अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्कॅनमध्ये चांगली दिसत असेल तर ती ठेवतात, पण गाठ वरच्या टोकाला असल्यामुळे अण्णांच्या बाबतीत हे मुद्दाम विचारा.

खर्चाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण माहेरची स्थिती बागेच्या भावावर असणार, म्हणून लिहिते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. आता त्यासाठी पिवळं-केशरी रेशनकार्डच हवं असंही राहिलेलं नाही. योजनेतल्या हॉस्पिटलात दारापाशीच आरोग्यमित्राचं टेबल असतं. आधी त्याला भेटा, मंजुरी ऑपरेशनाआधी घ्यायची असते. शालिमारजवळच्या संदर्भ सेवा रुग्णालयातही चौकशी करा. योजनेत हे ऑपरेशन कोणत्या पद्धतीने बसतं आणि वरचे पैसे काही द्यावे लागतील का, हे तोंडी नको, लिहून घ्या.

ऑपरेशननंतर अण्णा दुसऱ्या दिवशी चालू लागतील. चार ते सहा आठवडे क्रेट उचलायचं नाही, पाठीवरचा पंप नाही, बांधावरून ट्रॅक्टर नाही. त्यानंतर एक गोष्ट जन्मभर: कंबर दुखली की मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, ती डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेनची जात, बंद. शेतकरी माणसं ती गोळी शेंगदाण्यासारखी खातात, आणि एकट्या किडनीला ती झेपत नाही. क्रिएटिनिन थोडं वाढलेलं राहील, त्याने घाबरू नका. बीपी आणि साखर मात्र सांभाळा. काढलेल्या किडनीचा बायोप्सी रिपोर्ट आल्यावर गाठीचा प्रकार, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात) आणि ती चरबीत किंवा शिरेत गेली होती का, या तीन गोष्टी बघायच्या. त्या वाईट निघाल्या तर आता पेम्ब्रोलिझुमॅब नावाचं प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन वर्षभर देण्याचा पर्याय आहे. ते फार महाग आहे, तेव्हा रिपोर्ट घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांना भेटूनच ठरवा.

आणि अण्णांना सांगा. 'गाठ आहे' एवढ्यावर माणूस मार्चपर्यंत थांबायचं म्हणतो, त्यात त्यांचा दोष काय? त्यांना नेमकं कशासाठी थांबायचं नाही हेच माहीत नाही. संमतीपत्रावर सही त्यांची लागते, आणि आदल्या संध्याकाळी मी किंवा माझ्यासारखं कुणी त्यांच्या खाटेशी बसून 'ऑपरेशन कशासाठी आहे, माहीत आहे ना?' असं विचारणारच. तेव्हा ते परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा तुम्ही आणि भावाने मिळून सांगितलेलं बरं. सगळं एका बैठकीत सांगायची गरज नाही. कॅन्सर असण्याची शक्यता मोठी आहे, तो किडनीच्या बाहेर गेलेला दिसत नाही, काढला की बरं होण्याची आशा चांगली आहे, म्हणून या महिन्यातच करायचं, इतकं सांगितलं तरी पुरे. बाकीचं ते स्वतः विचारतील. आई असतील तर त्यांनाही त्याच वेळी बसवा. सर्जनकडे पुढच्या खेपेला जाल तेव्हा अण्णांना बाहेर बाकावर बसवून आत जाऊ नका, त्यांनाच पुढच्या खुर्चीवर बसवा.